गेम खेळताना कॉम्प्युटर तापतो, अडखळतो : नवीन कार्ड घेण्याआधी एवढं तपासा



एप्रिलमध्ये परीक्षा संपतात आणि घरोघरी दोन तक्रारी सुरू होतात. मुलं म्हणतात, "गेम लॅग होतोय." आई-बाबा म्हणतात, "गेम खेळून खेळून कॉम्प्युटरची पार वाट लावलीस." मुलांनी गेम खेळावा की नाही, किती खेळावा, यावर मी आज काही बोलणार नाही. तो विषय मोठा आहे आणि प्रत्येक घराचं उत्तर वेगळं असणार. आज बघायचंय ते एवढंच, की डेस्कटॉप कॉम्प्युटर का तापतो, तापला की हळू का होतो, आणि खिशात हात घालण्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येतं.

निमित्त आमच्या राजारामपुरीतलंच आहे. आमच्या गल्लीतले एक पालक एका संध्याकाळी घरी आले. मुलगा नुकताच नववीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. घरातला डेस्कटॉप लॉकडाऊननंतर ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. पुढे मुलाच्या हट्टामुळे त्यात ग्राफिक्स कार्ड बसवलं. आता गेम सुरू केला की दहा मिनिटं बरा चालतो, मग अडखळायला लागतो आणि आतला पंखा मिक्सरसारखा ओरडतो. एका ठिकाणी दाखवलं, तर "कार्ड गेलंय, नवीन घ्या, वीस-बावीस हजार जातील" असं उत्तर मिळालं. घरात त्यावरून दोन दिवस अबोला. ते म्हणाले, "सर, आता तुम्हीच सांगा की. पैसे घालू का पोराला झापू?"

मी म्हटलं, दोन्ही जरा थांबवा. आधी मोजूया.

मोजायचं म्हणजे काय, हे सांगण्याआधी एक शब्द नीट करून घेऊ. आपण घरात टेबलाखालच्या डब्याला 'सीपीयू' म्हणतो. शाळेतही तसंच शिकवलं जातं, मीही पूर्वी तसंच म्हणायचो. खरं तर तो डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आतल्या मदरबोर्डवर बसलेली एक छोटी चिप. तिच्यावर धातूचं पातळ पात्यांचं हीटसिंक आणि त्यावर पंखा असतो, म्हणून ती नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. गेमचं चित्र काढण्याचं मुख्य काम ग्राफिक्स कार्डवरची दुसरी चिप करते, तिला जीपीयू म्हणतात. म्हणजे तापणाऱ्या जागा मुख्यतः दोन. कोणती तापली हे कळल्याशिवाय औषध द्यायचं कसं?

एवढं तापतं तरी का?

दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आहे. वाहकातून वीज गेली की उष्णता तयार होते, हे आपण तिथे शिकवतो आणि उदाहरण देतो इस्त्रीचं, गिझरचं. कॉम्प्युटरचं उदाहरण कुणी देत नाही. पण कॉम्प्युटर जेवढी वीज घेतो ती जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते. इस्त्री ते काम मुद्दाम करते, कॉम्प्युटर हिशोब करता करता करतो.

या मुलाच्या मशीनमध्ये इंटेलचा आय-फाइव्ह १०४०० हा प्रोसेसर होता. त्याच्या उष्णतेचा कंपनीने दिलेला आकडा ६५ वॅट. ६५ वॅट म्हणजे फार नाही, पूर्वीच्या पिवळ्या दिव्याएवढे, असं वाटेल. पण ती उष्णता निघते अंगठ्याच्या नखाएवढ्या चिपमधून. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटीमीटर धरला, तर दर चौरस सेंटीमीटरला ५ वॅट पडतात. चिप दोन चौरस सेंटीमीटरची धरली तरी तिथे ३० वॅटच्या वर जातात. इस्त्रीच्या सहापट! हा हिशोब मी वर्गात फळ्यावर करून दाखवतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

ही उष्णता चिपमधून बाहेर काढण्याचा सगळा मार्ग सातवीच्या 'उष्णता' या धड्यात बसतो. चिपमधून हीटसिंकमध्ये उष्णता जाते ती वहनाने. हीटसिंकच्या पात्यांवरून पंख्याची हवा ती उचलून नेते, ते अभिसरण. आणि ती गरम हवा कॅबिनेटच्या बाहेर जायला हवी, नाहीतर पंखा तीच गरम हवा गरगर फिरवत बसतो. यातली एक जरी कडी तुटली तरी तापमान चढतं. चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्ट लावतात ती पहिली कडी पक्की करायला. दोन्ही पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागले तरी त्यांत बारीक खाचा असतात, खाचांत हवा भरते, आणि हवा उष्णतेची फार मंद वाहक. तांबं हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट चांगलं वाहक आहे. पेस्ट तांब्याच्या आसपासही नाही, पण हवेपेक्षा कितीतरी बरी.

आता तापल्यावर हळू का होतो? प्रोसेसरच्या आत तापमान मोजणारे सेन्सर असतात. १०४०० ची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या बऱ्याच रायझेन प्रोसेसरची ९० किंवा ९५. मर्यादा गाठली की चिप स्वतःच आपला वेग कमी करते, याला थ्रॉटलिंग म्हणतात. भर उन्हात पन्हाळ्याचा चढ चढताना आपण न ठरवता पावलं हळू टाकायला लागतो ना, तसंच. म्हणजे अडखळणं हे चिपने स्वतःला वाचवण्यासाठी केलेलं काम आहे. 'गेम खेळून कॉम्प्युटर बिघडला' असं पालक म्हणतात तेव्हा बऱ्याचदा बिघडलेलं काहीच नसतं, उष्णता बाहेर जायची वाट बंद झालेली असते.

ही अडचण फक्त आपल्या घरातली नाही बरं का. साल २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणायचा बेत सोडून दिला, त्यामागे उष्णता हे मोठं कारण होतं. त्यानंतर एकच इंजिन भरधाव पळवण्याऐवजी एका चिपमध्ये दोन, चार, सहा गाभे बसवायची पद्धत आली. पुण्यात आयसर संस्थेतला 'परम ब्रह्म' महासंगणक तर पाण्याच्या मदतीने थंड ठेवतात, कारण पाणी उष्णता हवेपेक्षा फार चांगली वाहून नेतं.

वही, घड्याळ आणि अर्धा तास

मुलाला मी एक वही आणायला सांगितलं. पाच रकाने : वेळ, सीपीयूचं तापमान, सीपीयूचा वेग, जीपीयूचं तापमान, जीपीयू किती टक्के कामात. सीपीयूचं तापमान विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसत नाही, त्यासाठी एचडब्ल्यूमॉनिटर, एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांपैकी एक मोफत प्रोग्रॅम घ्यावा, तोही त्या त्या कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच. बाकीच्या गोष्टी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'खाली सापडतात. ग्राफिक्स कार्डाचं तापमानही नव्या विंडोजमध्ये तिथेच दिसतं.

भिंतीवरच्या थर्मामीटरवर खोलीचं तापमान ३४ अंश. वरचा मजला, डोक्यावर स्लॅब. मशीन सुरू करून दहा मिनिटं नुसतंच ठेवलं, सीपीयू ५१ अंश. मग त्याने व्हॅलोरंट सुरू केला. पाच मिनिटांनी ८८ अंश, वेग ४ गिगाहर्ट्झ. आठ मिनिटांनी ९७. अकराव्या मिनिटाला १०० अंश, आणि वेग घसरून अडीचच्या खाली. पडद्यावर सेकंदाला दीडशे चित्रं दिसत होती ती साठच्या खाली आली, मध्येच गचके.

आणि ज्या ग्राफिक्स कार्डाला 'गेलंय' म्हणून सांगितलं होतं ते? ते होतं जीटीएक्स १६५०, जास्तीत जास्त ७५ वॅट घेणारं साधं कार्ड. त्याचं तापमान ६८ अंश. या कंपनीची बहुतेक कार्डं ८३ अंशांच्या आसपास वेग आवरायला लागतात, म्हणजे हे आरामात होतं. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका होता. सुरुवातीला कार्ड ९० टक्के कामात होतं, अकराव्या मिनिटानंतर ४५ टक्के. म्हणजे ते निम्मा वेळ रिकामं बसून प्रोसेसरकडून पुढचं काम यायची वाट बघत होतं.

पालकहो, हा आकडा लक्षात ठेवा. गेम अडखळत असताना कार्ड पूर्ण कामात असेल, तर कार्ड कमी पडतंय असं म्हणता येईल. कार्ड अर्धं रिकामं असेल आणि प्रोसेसर १०० अंशांवर, तर त्या जागी पन्नास हजारांचं कार्ड बसवलं तरी तेसुद्धा तसंच वाट बघत बसेल. (सेटिंगमध्ये चित्रांच्या संख्येवर मर्यादा घातलेली असेल तरी कार्ड रिकामं दिसतं, तेवढं आधी पाहून घ्या.)

निदान पक्कं करायला एक सोपा प्रयोग केला. मशीन बंद करून, वायर काढून कॅबिनेटची बाजूची पत्रा-झडप उघडली आणि समोर टेबल फॅन लावला. मुलांचे हात आत जाणार नाहीत एवढ्या अंतरावरून. पुन्हा गेम, पुन्हा वही. या वेळी तापमान ९० वर थांबलं आणि गेम अडखळला नाही. औषध हे नव्हे, फॅनने धूळ आणखी आत जाते, पण रोग कुठे आहे ते कळलं. मुलाच्या वडिलांचा चेहरा बघण्यासारखा होता.

उघडल्यावर काय दिसलं

कॅबिनेट होतं कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात. तीन बाजूंनी प्लायवूड, मागून भिंत चार बोटांवर, आणि पुढचं दार 'धूळ जाऊ नये म्हणून' लावलेलं. वर क्रोशाचा रुमाल. आजीने प्रेमाने घातलेला, पण नेमका हवा बाहेर जायच्या जाळीवर! आतली गरम हवा कप्प्यात साठायची आणि पंखा तीच परत आत ओढायचा.

हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीची अक्षरशः गोधडी. राजारामपुरीत मुख्य रस्त्याला लागून घर असेल तर हे व्हायचंच. आपल्याकडे पावसाळ्यात दमटपणाने ही धूळ बसून घट्ट होते, मग नुसत्या फुंकरीने निघत नाही. स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीच्या धुराचा तेलकटपणा त्यात मिसळतो. तांबडा रस्सा दर रविवारी होणाऱ्या घरात कॉम्प्युटर कुठे ठेवायचा याचा विचार जरूर करावा. इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्यांच्या मशीनमध्ये कापसाचे तंतू, देवघराशेजारच्या मशीनमध्ये उदबत्तीची राख.

साफ करताना काही गोष्टी मुलांना आधीच बजावून ठेवा. मशीन बंद, वायर भिंतीतून बाहेर. ज्या डब्याला वायर लागते तो एसएमपीएस कधीही उघडायचा नाही, वायर काढल्यावरही आत धोकादायक वीज साठून राहू शकते. कॅबिनेटच्या धातूला आधी हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर पंखा वेड्यासारखा फिरून त्याचं बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, ओलं फडकं तर मुळीच नाही. आणि हे काम गॅलरीत किंवा गच्चीवर करा. आम्ही ते हॉलमध्ये केलं आणि नंतर त्या घरातल्या ताईंचं जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

हीटसिंक काढलं तेव्हा खालची पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. नवीन ट्यूब आणायला मुलगा सायकलवरून सायबर चौकाकडे गेला. (जाता जाता : सायबर चौकाचा आणि कॉम्प्युटरचा काही संबंध नाही. ते नाव तिथल्या शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्चच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलं. मुलांना विचारून बघा, नव्वद टक्के चुकतील.) जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, चिपच्या मधोमध वाटाण्याएवढी नवीन पेस्ट लावली. जास्त लावली म्हणजे जास्त थंड होतं असं काही नाही, ती फक्त बाजूला ओघळते.

सगळं जोडलं. मुलाने उत्साहाने मशीन सुरू केलं. गेम उघडायच्या आधीच, नुसत्या डेस्कटॉपवर, दोन मिनिटांत तापमान ९५!

खरं सांगतो, माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्याचं मशीन, आणि आपण शहाणपणा करायला गेलो. वडील काही बोलले नाहीत, पण शांतता पुरेशी होती. ताबडतोब बंद केलं. मुलगा म्हणाला, "सर, आधी ५१ होतं. आपण काय बदललं तेवढंच बघूया की." नववीतल्या पोराने मला माझाच धडा शिकवला.

बदललं होतं फक्त हीटसिंक. इंटेलसोबत येणाऱ्या या गोल हीटसिंकला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्या मदरबोर्डच्या भोकांत दाबून बसवायच्या. बसली की 'टक्' असा आवाज येतो. बोर्ड मागून बघितला तर तीन खुंट्यांची टोकं बाहेर आलेली, चौथीचं नाही. त्यामुळे हीटसिंक एका बाजूने अगदी किंचित उचललेलं, मध्ये हवा. पुन्हा काढलं, पेस्ट पुसून परत लावली, खुंट्या वरच्या बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणल्या, आणि समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबल्या. चार वेळा टक्, टक्, टक्, टक्. या वेळी ४३ अंश.

तुमच्याकडे एएमडीचा थोडा जुना रायझेन असेल तर वेगळी काळजी घ्या. कूलर सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्यायची, मग मशीन बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. हे स्वतः करायची भीती वाटत असेल तर धूळ तेवढी घरी काढा आणि पेस्टचं काम दुकानात करून घ्या, समोर उभं राहून. त्यात कमीपणा काही नाही.

कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून जमिनीपासून थोडं उंच, भिंतीपासून वीतभर लांब ठेवलं. पुढचा पंखा हवा आत घेतो आणि मागचा बाहेर टाकतो ना, हेही बघून घ्यावं. कागदाची पातळ पट्टी जाळीजवळ धरली की कळतं. काही कॅबिनेटमध्ये मागचा पंखा उलटा बसवलेला सापडतो. रंगीत दिव्यांची, पुढून पूर्ण काच असलेली कॅबिनेट दिसायला झकास, पण हवा कुठून घेणार? नवीन घेताना पुढे जाळी असलेलं घ्या.

त्याच संध्याकाळी पुन्हा अर्धा तास मोजणी. खोली ३४ अंशच. तिसाव्या मिनिटाला सीपीयू ७३, वेग ४ गिगाहर्ट्झ, कार्ड पुन्हा ९० टक्क्यांच्या आसपास कामात. एकूण खर्च पेस्टच्या ट्यूबचा, दोन-तीनशे रुपये.

पैसे न लागणारी आणखी दोन कामं

पहिलं : त्याचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रंच दाखवू शकणारा. मशीन मात्र दीडशे चित्रं काढत होतं. निम्मी मेहनत जवळजवळ वाया. गेमच्या सेटिंगमध्ये चित्रांची मर्यादा ७५ केली, तर तापमान ६४ वर आलं आणि पंख्याचा आवाजही बसला. स्पर्धेत खेळणारी मुलं कुरकुर करतात, त्यांच्या मते जास्त चित्रं असली की हालचाल लवकर कळते. त्यात थोडं तथ्य आहे. पण मे महिन्याच्या दुपारी तरी मर्यादा घालावी.

दुसरं : विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' असतं. ते १०० वरून ९९ टक्के केलं की प्रोसेसर टर्बोचा जादा वेग घेत नाही. वेग कमी झाला की व्होल्टेजही कमी लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग थोडा सोडून उष्णता बरीच कमी होते. अभ्यासाच्या, ऑनलाइन तासांच्या मशीनला हे कायम ठेवायला हरकत नाही.

ऋतूचंही लक्षात ठेवा. हीटसिंक चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २४ अंशांवरून ३७ वर गेली की चिपही साधारण तेवढीच वर जाते. जानेवारीत ८५ वर सुखाने चालणारं मशीन मेमध्ये १०० ला टेकतं आणि मग 'अचानक बिघडलं' असं वाटतं.

सुरुवातीपासूनच हळू असेल तर?

इथपर्यंत सांगितलं ते दहा-पंधरा मिनिटांनी अडखळणाऱ्या मशीनचं. पहिल्या मिनिटापासूनच गेम रखडत असेल तर उष्णतेमागे लागू नका, कारण दुसरीकडे शोधा. सगळ्यात हास्यास्पद आणि सगळ्यात जास्त आढळणारं कारण : मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावण्याऐवजी वर मदरबोर्डला लावलेली असते. घर बदललं, रंगकाम झालं, कुणीतरी केबल परत लावली, आणि महागडं कार्ड आत झोपून राहिलं. मागे वाकून बघायला अर्धं मिनिट लागतं.

रॅम ८ जीबी असेल आणि मागे क्रोमच्या वीस टॅब उघड्या असतील तर नवीन गेमला जागा उरत नाही. रॅमची एकच पट्टी असेल तर तशाच दुसऱ्या पट्टीने बऱ्याच गेममध्ये फरक दिसतो. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर उघडायला वेळ लागतो, नवीन जागी गेलं की गचके बसतात. एसएसडीवर टाकला की ते जातं.

मुलं ज्याला 'लॅग' म्हणतात त्यात दोन वेगळे आजार आहेत. चित्रच गचके खात असेल तर तो मशीनचा प्रश्न. चित्र गुळगुळीत, पण गोळी मारल्यावर परिणाम उशिरा दिसतो, खेळाडू जागच्या जागी उड्या मारतात, तर तो इंटरनेटचा. ऑनलाइन गेममध्ये 'पिंग' म्हणून मिलिसेकंदाचा आकडा दाखवता येतो, तो एकदम दोनशे-तीनशेवर जात असेल तर वायफायकडे बघा. मशीन उघडून उपयोग नाही.

आणखी एक, आणि हे पालकांनी विशेष बघावं. काहीच सुरू नसताना, नुसत्या डेस्कटॉपवर, प्रोसेसर ७०-८० टक्के कामात दिसत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये कोण एवढं काम करतंय ते शोधा. फुकटात उतरवलेल्या 'क्रॅक' गेमबरोबर तुमच्या विजेवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो नाणी खोदणारे छुपे प्रोग्रॅम येतात. टास्क मॅनेजर उघडला की लपणारेही असतात, म्हणून तापमानाच्या प्रोग्रॅमवरही नजर ठेवा. मुलाला झापण्याआधी त्याला हे दाखवा, तो स्वतःच ती फाइल काढून टाकेल.

मशीन तापमान कमी असतानाही गेममध्ये धाडकन बंद पडत असेल, तर संशय एसएमपीएसवर घ्यावा, विशेषतः कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या स्वस्तातल्यावर. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर सगळं सोडून आधी वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासायला. तिथे उशीर नको.

शिक्षक मित्रांनो, शाळेच्या संगणक कक्षातही हेच आहे, फक्त धुळीऐवजी खडूची भुकटी. आमच्याकडे एकाने मशीन सुरू असतानाच वरून प्लास्टिकची कव्हरं घातलेली मी स्वतः पाहिली आहेत. उन्हाळी सुट्टी लागण्याआधी एक दिवस काढून मुलांकडूनच सगळी मशीन साफ करून घ्या, आधीचं आणि नंतरचं तापमान फळ्यावर लिहून. आठवीच्या मुलांना त्यातून आलेखही काढता येतो.

त्या मुलाने तर काढलाच. आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्यावर तापमान, साफसफाईआधीची रेघ लाल आणि नंतरची निळी. कप्प्याचं दार त्याच्या वडिलांनी बिजागरीसकट काढून टाकलंय, आणि आजीचा रुमाल आता मॉनिटरशेजारच्या पेनस्टँडखाली आहे. वही अजून चालू आहे. दर महिन्याच्या एक तारखेला तो एक आकडा टिपतो, आणि ८५ च्या वर गेला की ब्लोअर मागायला माझ्याकडे येतो.